शेवटची कधी घेतली?

अंगणभर मोहफुलं वाळत पडली आहेत. आज पहाटेची अजून फिकट पिवळी नि ओलसर. त्यांच्या पलीकडची परवाची, तांबूस होऊन आकसलेली. मार्च संपत आलाय. हेमलकसाच्या आसपासच्या टोल्यांमधली माणसं सध्या उजाडायच्या आत टोपल्या घेऊन आपापल्या झाडाखाली पोचतात, त्यामुळे दहाचं शिबिर साडेअकराला भरायला लागलंय. कुणी कुरकुर करत नाही. फुलं टाकून कुणी येणार नाही हे शिबिर घेणाऱ्या ताईला ठाऊक आहे. ती ह्याच तालुक्यातली, माडिया घरातली पोर. फुलांवर कुणाचा पाय पडू नये म्हणून तिने सतरंजी अंगणाच्या कडेला, आंब्याच्या सावलीत अंथरली आहे. वास मात्र सगळीकडे आहे. गोड, जड, घशाशी रेंगाळणारा. दारू सोडायला आलेल्या माणसाला ह्याच वासात बसून बोलायचं आहे.

आज इथे मुक्तिपथचं व्यसन उपचार शिबिर आहे. एक डॉक्टर, समुपदेशक म्हणजे ही ताई, गावची आशाताई, औषधांची पेटी, वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र. टोल्याचं नाव मी लिहीत नाही, माणसांचीही नाही. सतरंजीवर बसण्याआधी प्रत्येकाला तसा शब्द दिलेला मी ऐकतो आहे.

पहिला माणूस पन्नाशीचा असावा, कदाचित कमीच. उन्हाने आणि कामाने इथे वय कळत नाही. मागे बायको, तिच्या कडेवर नातू. ताई ‘जोहार दादा’ म्हणते, पाणी देते आणि फुलं कशी पडताहेत ते विचारते. किती टोपल्या झाल्या, यंदा बहर कसा आहे, झाडाखाली अस्वल आलं होतं का. दारूचं नावही नाही. बोलणं माडियातून चाललंय, मधूनमधून ती मला मराठीत सांगते. बराच वेळ असा गेल्यावर ती त्याला दोन्ही हात समोर धरायला लावते, बोटं फाकवून, आणि वहीतला एक कागद फाडून त्याच्या उजव्या पंजावर ठेवते.

कागद थरथरतो. नुसता हात पाहिला असता तर मला ते इतकं दिसलं नसतं. नखांत माती आहे, अंगठ्यावर जुना व्रण आहे, आणि त्या रुंद कष्टाळू पंजावर रेघांचा कागद न थांबता कापतो आहे. माणूस दुसऱ्या हाताने तो हात दाबून धरायला बघतो, तर दुसराही कापतो. सावलीत बसूनही त्याच्या कपाळावर घाम आहे.

पण लगेच कुणी काही ठरवत नाही. भामरागड तालुक्यात अंग कापतंय म्हटलं की आधी हिवतापाची शंका. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा फार मोठा वाटा एकट्या गडचिरोली जिल्ह्याचा असतो. आशाताई त्याच्या बोटाला सुई टोचते, रक्ताचा थेंब पट्टीवर सोडते, आणि आम्ही सगळे त्या पट्टीकडे बघत थांबतो. एकच रेघ उमटते. हिवताप नाही.

“शेवटची कधी घेतली, दादा?”

काल, दिवस बुडाला तेव्हा. रोज उठल्याउठल्या लागते, पण आज नाही घेतली. डॉक्टरसमोर तोंडाचा वास घेऊन कसं बसायचं, म्हणून मन घट्ट केलं.

ऐकून मला त्याचं कौतुक वाटतं. डॉक्टर मात्र हातातलं काम ठेवून त्याच्याजवळ येऊन बसतो. रोज पिणाऱ्या शरीराची दारू एकाएकी तोडली की काही तासांतच कंप, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, माणूस घरच्यांनाही ओळखत नाही, आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात जीवही जातो. दारुड्याला मन नसतं, इच्छाशक्ती नसते, असं शहरात आपण किती सहज बोलून जातो. ह्या माणसाने आज सकाळी दाखवली ती इच्छाशक्तीच आहे, आणि आज शिबिर नसतं तर तीच त्याच्या जिवावर उठली असती.

“आधी कधी झटका आला होता का?” डॉक्टर विचारतो.

तो नाही म्हणतो. बायको नातवाला खाली ठेवते आणि पहिल्यांदाच बोलते. धान कापणीच्या वेळी त्याने पोरांसमोर शपथ घेऊन सोडली होती. दुसऱ्या दिवशी बांधावर पडला, डोळे वर गेले, तोंडाला फेस आला. पुजाऱ्याला बोलावलं. कुणीतरी केलं असेल असं सगळ्यांना वाटलं. त्याचं त्याला काही आठवत नाही. शुद्धीवर आल्यावर घोटभर दिली तेव्हा बरं वाटलं, एवढं तिला आठवतं.

दारू सुटल्यामुळे झटका आला आणि दारू दिल्यावर बरं वाटलं, ही साखळी आजवर त्यांना कुणी उलगडून सांगितलेली नाही. ताई आता सांगते, जमिनीवर बोटाने रेघा ओढत: इथे शपथ, इथे एक रात्र, इथे झटका. पुजाऱ्याला ती नावं ठेवत नाही. “तेव्हा तुम्हाला जे सुचलं ते तुम्ही केलं,” एवढंच म्हणते. बायको त्या रेघांकडे बघत राहते, मग नवऱ्याकडे. इतका वेळ ती त्याच्यापासून अंग चोरून बसली होती. आता सतरंजीवर जरा पुढे सरकते.

एकदा झटका येऊन गेलेला असल्यामुळे गोळ्या देऊन घरी पाठवण्यात धोका आहे, त्याला भरती करायला हवं, असं डॉक्टरचं मत. चार-पाच दिवस. क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या आधी पुरेशा, मग रोज थोड्या कमी करत आणायच्या, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, पोटात अन्न. भामरागडचं ग्रामीण रुग्णालय आहे आणि हेमलकसाचा लोकबिरादरीचा दवाखाना आहे. घरच्यांना दुसरा ओळखीचा. २३ डिसेंबर १९७३ला बाबा आमट्यांनी इथल्या जंगलात काम सुरू केलं, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे इथेच राहिले, आणि ह्या बाईची आईही ताप, साप, बाळंतपण ह्यांसाठी तिथेच जात आली आहे. दवाखान्याची भीती तिला नाही.

तरी ती नको म्हणते.

फुलं कोण वेचणार? मोठा मुलगा तेलंगणात मिरची तोडायला गेलाय. सून पोटुशी आहे. झाडं दोन, दोन्ही भरून आलेली, आणि हा बहर फार तर अजून दोन आठवडे. वाळवलेल्या फुलांवर पावसाळ्याआधीचा किराणा येतो, लग्नाचं देणं फिटतं, आणि धान्य संपलं की उकडून खायलाही तीच. पाच दिवस दवाखान्यात म्हणजे दोन माणसांचे पाच दिवस गेले, कारण त्याच्यासोबत तिलाही राहावं लागणार.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ला डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे माणूस पस्तीस दिवस राहतो. दिवसाची आखणी असते, गट असतात, घरापासून आणि गुत्त्यापासून लांब आल्यामुळे श्वास घ्यायला उसंत मिळते. त्या पद्धतीने हजारो घरं सावरली आहेत आणि माझ्या मनात तिच्याविषयी अपार आदर आहे. पण ह्या अंगणात पस्तीस दिवस म्हणजे एक अख्खा मोहाचा हंगाम. इथे समुपदेशनाला वर्षाच्या कामांतून वाट काढावी लागते: मोह, मग तेंदू, मग पेरणी, रोवणी, कापणी.

म्हणून ताई आता दारूविषयी अक्षर बोलत नाही. ती फुलांविषयी बोलते. झाडं कुठल्या बाजूला आहेत? तिकडे आणखी कुणाची झाडं आहेत? जावेची? जाऊ कुठे आहे? जावेला हाक जाते. ती येते, कमरेला टोपली तशीच. दोघी जावांचं बोलणं नसावं, कारण एकमेकींकडे न बघता दोघी ताईशीच बोलतात. बराच वेळ हे चालतं. मला शब्द कळत नाहीत, पण आवाज चढलेला कळतो, उतरलेला कळतो. शेवटी ठरतं: जाऊ आणि तिच्या दोन पोरी दोन्ही झाडं वेचतील, निम्मी फुलं त्यांची. सून अंगणातली फुलं उलथून वाळवेल आणि नातवाला सांभाळेल. तिसरा हिस्सा द्यायची तयारी होती, निम्मा द्यावा लागला. बायकोच्या तोंडावर ते दिसतं. पण ती हो म्हणते.

समुपदेशनाच्या पुस्तकांत ह्या पाऊण तासाला काय नाव असेल ते असो. माझ्या लेखी आजचा खरा उपचार हाच. माणसाला बरं व्हायला जागा लागते, आणि गरीब घरात ती जागा कुणाच्या तरी श्रमातून काढावी लागते.

मागच्या बाजूला गावसंघटनेच्या बायका बसल्या आहेत. गडचिरोलीतली दारूबंदी अशाच बायकांनी आणली. १९८७-८८पासून गावोगाव ठराव झाले, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ आणि जिल्ह्यातल्या अनेक संघटना एकत्र आल्या, आणि १९९३ मध्ये शासनाने जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. शेजारच्या चंद्रपूरमधल्या बायका २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत चालत गेल्या. तिथे १ एप्रिल २०१५ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठवलीही गेली. त्या उठवण्याचं मला आजही वाईट वाटतं. बंदी असली की रात्री मार खाणाऱ्या बाईच्या पाठीशी निदान कायदा उभा असतो, पोलिसांकडे जाताना तिला आधी भांडून आपली बाजू सिद्ध करावी लागत नाही.

पण इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड आहे, तिथे दुकान उघडं आहे. आणि नदीच्या अलीकडे घरामागे मोह सडवून गाळायला दुकान लागतच नाही. ज्याचा हात सकाळी कापतो तो कायदा मोडून पितोच. बंदीच्या जिल्ह्यात तर तो आजार लपवूनही ठेवतो. २०१६ मध्ये शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी मुक्तिपथ सुरू केलं तेव्हा बंदीची अंमलबजावणी, गावसंघटना आणि व्यसनी माणसाचे उपचार हे सगळं एकाच कामात गुंफलं. हे फार आधी व्हायला हवं होतं. ह्याच बायका विक्रेत्याचा सडवा ओततात आणि ह्याच बायका पिणाऱ्याला हाताला धरून सतरंजीवर आणून बसवतात. दोन्ही कामं एकाच रागातून आणि एकाच मायेतून होतात.

दुपारी गटचर्चा. आता बारा-तेरा पुरुष आहेत, दोन बायका. त्या दोघी पिणाऱ्या म्हणून आल्या आहेत, कुणाच्या सोबत नव्हे, आणि त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. शेजारच्या गावचा एक माणूस बोलायला आलाय. चार महिने झाले त्याला सोडून. “मधी एकदा घेतली होती,” तो स्वतःहून सांगतो, मराठीत, माझ्याकडे बघून. “कोंबडा बाजारात गेलो, जितलो, घेतली. दुसऱ्या दिवशी ताईकडं गेलो. ती रागावली नाही न. विचारलं, कोणतं ठिकाण, कोणतं माणूस. तवापासून मी कोंबडा बाजारात जात नाही.” बाजाराच्या दिवशी तो पैसे बायकोजवळ देतो आणि येताना पुलाकडून न येता शेतातून येतो. मे महिन्यात तेंदूची मजुरी हातात पडेल, त्याची धास्ती त्याला आतापासूनच आहे. ताई सगळ्यांना आपापले असे धोक्याचे दिवस सांगायला लावते. लग्न. मयत. बाजार. तेंदूचे पैसे. पोलिसांनी अडवलं तो दिवस. बायको माहेरी गेली ते दिवस. एकजण म्हणतो, पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन रस्ता बंद होतो ते सगळेच दिवस.

आणि पंडुम, म्हणजे देवाचा सण.

हे उच्चारताच सगळे एका म्हाताऱ्याकडे बघतात. तो गावचा पेरमा, देवाचं करणारा. आतापर्यंत तो झाडाला टेकून ऐकत होता. तो विचारतो, रागाने नाही, पण सरळ: देवाला द्यायची ती काय करायची? बाहेरून येणारी माणसं आधी म्हणायची मांस सोडा, मग म्हणायची देव सोडा. तुम्ही आता मोह सोडा म्हणता का?

ताई नाही म्हणते. देवाच्या नावाने जमिनीवर सांडायची ती सांडा, तिच्या घरीही सांडतात. मोहाचं झाड तिच्या आईला जेवू घालत आलंय, त्याच्याविषयी वाकडा शब्द ती काढणार नाही. पण हे जे उपचाराला बसलेत त्यांच्यासाठी पानाच्या द्रोणातला एक घोटही परत पहिल्या जागी नेणारा आहे. पंडुमाला ‘थोडी घे, देवाची आहे’ असं म्हटलं की ते नाही म्हणू शकत नाहीत. नाही म्हणणं म्हणजे देवाचा अपमान. त्यांनी काय करावं, हे तुम्हीच सांगा.

पेरमा विचार करतो. घाईने उत्तर देत नाही; तोवर दोन-तीन माणसं मधेच बोलून गप्प होतात. मग तो म्हणतो, द्रोण हातात घ्यावा, कपाळाला लावावा आणि जमिनीला द्यावा. सगळा. देवाला पोचतो. हे तो स्वतः पंडुमाच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगेल, म्हणजे कुणी कुणाला आग्रह करणार नाही. पेसा कायद्याने १९९६पासून ग्रामसभेला मादक पदार्थांवर नियंत्रणाचा अधिकार दिलेला आहे, हे डॉक्टर मला बाजूला सांगतो. खरं आहे. पण सतरंजीवरच्या माणसांच्या खांद्यावरचा भार आता उतरला तो पेरमाच्या शब्दाने, आणि ह्या शब्दाला तालुक्याहून कुणी पर्याय आणू शकला नसता.

काठाला काही तरुण उभे आहेत, तळहातावर पन्नीत खर्रा घोटत. ते दारूसाठी आलेले नाहीत. आशाताई एकाला जवळ बोलावते आणि तीन बोटं उभी जुळवून तोंडात घालायला सांगते. दोनच जातात. तो जोर लावतो, हसायला बघतो, पुन्हा दोनच. विशी-बाविशीचा पोरगा. सुपारी आणि तंबाखूने गालाच्या आतली त्वचा आवळत गेली की तोंड उघडेनासं होतं, ते मग पूर्वीसारखं होत नाही, आणि पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. तो परत जाऊन उभा राहतो. पन्नी खिशात ठेवतो, टाकत नाही. डॉक्टर त्याला १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक लिहून देतो, कारण पुढच्या आठवड्यात तोही मिरचीला निघालाय आणि तिकडे मोबाइलला रेंज असते.

ऊन कलल्यावर एक बाई ताईशेजारी येऊन बसते. दारू गाळणारी हीच, असं मागून कुणीतरी पुटपुटतं. आपल्याला विकणं सोडायचं आहे, ती म्हणते; पण पोरगी आश्रमशाळेतून निघून अहेरीला शिकते, खोलीचं भाडं आहे. वाळलेली फुलं विकून एवढे पैसे सुटत नाहीत. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलं गोळा करण्यावरची, विकण्यावरची बंधनं सैल केली, बचतगट लाडू करून विकतात, हे ताई तिला सांगते. बाई ऐकते आणि विचारते, लाडू घेणार कोण? इथे? ताईजवळ उत्तर नाही आणि ती ते बनवून सांगत नाही. गावसंघटनेच्या बायकांना ती विचारते, पोरीच्या भाड्याचं काही करता येईल का. बायका आपसात बोलतात. आज काही ठरत नाही. माझ्या मते ह्या प्रश्नाचं उत्तर ह्या अंगणात नाहीच. ते बाजार, भाव आणि शासनाची खरेदी ह्यांच्याकडे आहे, आणि त्यांनी ते अजून दिलेलं नाही.

शेजारच्याची मोटारसायकल आली आहे. सकाळच्या त्या माणसाला डॉक्टरने गोळीचा पहिला डोस दिला आहे, चिठ्ठी लिहिली आहे; दवाखान्यात दाखवल्याबरोबर कधी घेतली होती आणि झटका आला होता हे दोन्ही आधी सांगा, असं त्याने तिघांना वेगवेगळं बजावलं आहे. तो मधे बसतो, मागे पुतण्या त्याला दोन्ही हातांनी धरून. बायको चालत येणार आहे, कपडे आणि तांदूळ बांधून. निघण्याआधी ती ताईला गाठते.

“तिथून पळून आला तं?”

“निरोप धाड. पिऊन आला तरी आण.”

“परत घेते का डॉक्टर?”

“घेते न. आणि तूच जेवली नाहीस सकाळपासून, ते बघ आधी.”

बाई घरात जाते. जाऊ तिच्या अंगणातली फुलं सुनेला दाखवून कशी उलथायची ते सांगते आहे, आणि ताई वहीत पुढच्या भेटीची तारीख लिहिते: बाजाराचा दिवस, दवाखान्यातच.